सहा महिन्यांची मुदत

13 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे अथवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना सहा लाख, आणि जखमींना दुखापतीच्या मानाने पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम केला, तेव्हा बारामती-इंदापूरच्या कोर्टांत उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्यास संतोष वाटला. परंतु माझे जुने शल्य रकमेचे नव्हे, वाहन अपघाताच्या भरपाईसाठी अर्ज करण्याच्या मुदतीचे आहे.

1939 च्या मोटार वाहन कायद्यापासून 1988 च्या कायद्यापर्यंतचा इतिहास कलमांच्या अभ्यासकांस रोचक वाटो. मला तो रुक्षच वाटतो. नव्या कायद्यानेही अपघात ज्या हद्दीत घडला तेथील न्यायाधिकरणापुढेच, आणि सहा महिन्यांत, विलंब क्षम्य ठरल्यास फार तर वर्षभरात, अर्ज करण्याचे बंधन ठेवले होते, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.

14 नोव्हेंबर 1994 रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने ही मुदत उठविली आणि अर्जदारास स्वतःच्या राहत्या ठिकाणी दाद मागण्याची मुभा दिली. त्यानंतरचे दशक मी जवळून पाहिले. गळिताच्या हंगामात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर वा बिजवडीच्या कारखान्यांकडे उसाने लादलेल्या, पाठीमागे ना दिवा ना परावर्तक अशा ट्रॉल्या रात्री निघत, आणि त्यांवर आदळून पाय गमावलेला शेतकरी पुण्याच्या इस्पितळातून घरी परते तोवर निम्मे वर्ष सरलेले असे. पंचनाम्याची नक्कल मिळविण्यासाठी पोलीस ठाण्याच्या खेपा, आणि हाड जुळून उपचार संपल्याखेरीज न मिळणारा अपंगत्वाचा दाखला, हे सोपस्कार पुढेच. मुदत नसल्यामुळेच त्या माणसाचा दावा उभा राही. विमा कंपन्यांच्या कैफियती मात्र ठराविक साच्याच्या : ट्रॉलीचा विमाच नाही, चालकाचा परवाना या वर्गाचा नाही! मालवाहू वाहनातून फुकट जाणाऱ्यांनाही विम्याचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये म्हटले आणि 2002 मध्ये ते फिरविले. ट्रकच्या हौद्यात बसून बाजारगावी जाणारे गरीब त्या तीन वर्षांपुरतेच सुदैवी ठरले.

वाहन नसलेल्या अपघाताची कथा याहून कष्टदायक. रस्त्यालगतचे झाड अंगावर कोसळून मेलेल्या माणसाच्या कुटुंबास राजकोट महापालिकेविरुद्ध खालच्या न्यायालयांत मिळालेली भरपाई 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्या निर्णयाचा दाखला नगरपरिषदांचे वकील पुढे कैक वर्षे मोठ्या समाधानाने देत राहिले.

आता 2019 च्या दुरुस्तीने, 1 एप्रिल 2022 पासून, सहा महिन्यांची तीच जुनी मुदत परत आणली आहे, आणि विलंब माफ करण्याची पूर्वीची सवलतही तीत ठेवलेली नाही. हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांनी मोडलेले हाड जुळण्यास लागणारे महिने कधी मोजले नसावेत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये अंतरिम आदेश देऊन केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळण्यास मनाई केली आहे, एवढा तूर्त आधार.

खड्ड्यांच्या भरपाईसाठी नगरपरिषदेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती नेमावयाची आहे. सचिवांचे दप्तर पुण्यास. इंदापूरच्या जखमीने तेथे हेलपाटे घालू नयेत यासाठी बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपरिषदांनी अर्ज कोठे व कोणाकडे द्यावयाचा हे कचेरीच्या दारावर फलक लावून जाहीर करावे. आणि वाचकहो, अंतरिम आदेशावर विसंबून न राहता वाहन अपघाताचा अर्ज सहा महिन्यांच्या आतच दाखल करावा.