कामकऱ्यांचा संगीतगुरू : गुस्ताव्ह होल्स्ट

पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हणजे श्रीमंतांची चैन, असा आमचा पुष्कळ वर्षे ग्रह होता. गुस्ताव्ह होल्स्ट (१८७४–१९३४) या इंग्रज संगीतकाराने तो पार घालविला. पोटासाठी त्याने वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजविला, मुलींच्या शाळेत नोकरी केली. १९०७ पासून लंडनच्या मॉर्ले कॉलेजात दिवसभर राबून आलेल्या स्त्रीपुरुषांना तो संध्याकाळी संगीत शिकवू लागला. पर्सेलची ‘द फेअरी क्वीन’ ही सतराव्या शतकातील संगीतिका बसवायची, तर वादकांपुढे ठेवायला स्वरलिपी नव्हती. या विद्यार्थ्यांनी सुमारे १,५०० पाने हाताने उतरून काढली आणि १९११ साली ती सादर केली!

होल्स्ट संस्कृतही शिकला. ऋग्वेदातील सूक्तांना आणि सावित्री-सत्यवानाच्या कथेला त्याने संगीत दिले. त्याच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मंगळ’ अवश्य ऐकावा. पाच मात्रांचा तोच तो ठेका यंत्रासारखा माणसांना तुडवीत जातो. अखेरचा ‘नेपच्यून’ मात्र पडद्याआडच्या स्त्रीस्वरांत हळूहळू विरून जातो.

कामाचे तास कमी मागितले, की ‘उरलेल्या वेळेचे करणार काय?’ असे आम्हांस विचारतात. मॉर्लेच्या त्या १,५०० पानांत त्याचे उत्तर आहे.