अँटिबायोटिकमुळेच जिवाणूचं विष वाढू शकतं, ते कसं?

मे २०११. उत्तर जर्मनीत, विशेषतः हॅम्बुर्गच्या आसपास, रक्ताचे जुलाब आणि पाठोपाठ किडनी निकामी होणं, असे रुग्ण अचानक वाढले. आधी ठपका आला स्पेनच्या काकड्यांवर. तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं आणि मग काकड्या निर्दोष निघाल्या. माग काढत तपास पोहोचला मोड आलेल्या मेथीपर्यंत. साथ ओसरेपर्यंत ३,८०० हून जास्त लोक आजारी पडले होते, ५० हून जास्त दगावले होते.

जिवाणू होता ई. कोलाय, प्रकार ओ१०४:एच४. ई. कोलाय तर आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. मग हाच एवढा घातक का ठरला?

एक तर तो चिकट होता. सकाळी दात घासण्याआधी जिभेला जो बुळबुळीत थर जाणवतो, ती बायोफिल्म. म्हणजे जिवाणूंनी एकत्र येऊन स्वतःभोवती तयार केलेलं चिकट आवरण. हा ई. कोलाय आतड्याच्या अस्तरावर विटा रचाव्यात तसा थर लावून बसतो. त्यामुळे तिथून विष शरीरात जास्त शोषलं गेलं असावं, असं संशोधकांना वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. शिगा टॉक्सिन नावाचं हे विष बनवणारा जीन मुळात जिवाणूचा नाहीच. तो आहे जिवाणूच्या डीएनएमध्ये घुसून झोपलेल्या एका विषाणूचा. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की पेशीत धोक्याची घंटा वाजते. शास्त्रज्ञ तिला 'एसओएस प्रतिसाद' म्हणतात. ती ऐकून विषाणू जागा होतो. घर पडणार हे कळलेल्या भाडेकरूसारखा तो निघायची तयारी करतो: स्वतःच्या प्रती काढतो, सोबत विषही बनतं आणि शेवटी जिवाणू फोडून सगळं बाहेर पडतं. रक्तात गेलेलं विष किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान करतं.

आता डीएनएला इजा करणाऱ्या गोष्टींमध्ये काही अँटिबायोटिक्सही येतात. उदाहरणार्थ, आपल्याकडे जुलाबावर सर्रास घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन. म्हणून या संसर्गात डॉक्टर शक्यतो अँटिबायोटिक टाळतात आणि सलाईन, किडनीवर लक्ष, गरज पडल्यास डायलिसिस यांवर भर देतात. सगळी औषधं सारखी वागत नाहीत, हेही खरं. अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलेल्या जर्मन रुग्णांच्या शौचातून हा जिवाणू लवकर नाहीसा झाल्याचं दिसलं.

पण रक्ताचे जुलाब म्हणजे अँटिबायोटिक नकोच, असा अर्थ काढू नका. शिगेला जिवाणूमुळे होणाऱ्या रक्ती आवेत ते द्यावं लागतं. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. फरक कळतो तो शौचाच्या तपासणीतून. मेडिकलच्या काउंटरवर तो कळत नाही.

आणि मोडांचं काय? उसळ नीट शिजली की जिवाणू मरतात. कच्च्या मोडांच्या सॅलडमध्ये मात्र ते नुसत्या धुण्याने पूर्ण जात नाहीत.