उत्तर पायाखाली आहे!

खानदेश म्हटलं की काय आठवतं? रावेर-यावलची केळी, वांग्याचं भरीत, आणि मे महिन्यातलं ते ऊन, ज्यात डांबरी रस्तासुद्धा मऊ पडतो. बरोबर ना? पण जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत काही भन्नाट कोडीही दडून बसली आहेत. एसटीतून जाताना ती खिडकीबाहेरून निघून जातात आणि आपण वेफर्स खात बसलेलो असतो! आज त्यांतली पाच सोडवूया. एक गंमत आधीच सांगून ठेवते : प्रत्येक कोड्याचं उत्तर पायाखाली आहे.

कोडं पहिलं : कुणीच न बांधलेली भिंत

साक्री, धुळे, पारोळा या पट्ट्यात सपाट माळावर मध्येच एखादी लांबच लांब, अगदी सरळ टेकडी दिसते. जवळ गेलात तर काळे दगड एकावर एक रचलेले. पडक्या किल्ल्याचा तट आहे का हा? कुठल्या राजाने बांधला?

राजा नाही, गवंडीही नाही! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमाराला, इथे जमिनीतून लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर येत होते. त्यातूनच आपला काळा बेसाल्ट खडक तयार झाला. जमीन ताणली गेली, तिला लांब भेगा पडल्या आणि खालचा तप्त रस त्या भेगांत घुसून तिथेच थिजला. उन्हाळ्यात काळ्या शेताला भेगा पडतात ना? समजा, त्यात कुणी सिमेंट ओतलं आणि पुढे पावसाने आजूबाजूची माती वाहून गेली, तर काय उरेल? सिमेंटची उभी भिंत! इथेही तसंच झालं. भोवतालचा खडक लवकर झिजला, भेगेतला चिवट खडक उभा राहिला. अशा भिंतीला भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात.

मग दगड रचल्यासारखे का दिसतात? भेगेतला रस दोन्ही बाजूंच्या थंड खडकांना टेकलेला होता. तो कडेकडून निवत आत आकसत गेला, त्याला आडवे तडे गेले आणि आडवे ठोकळे तयार झाले.

साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी अशी एक भिंत तर सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. मध्येमध्ये ती तुटते, लपते, पुन्हा डोकं वर काढते. नंदुरबार-धुळे भागातल्या अशा २०० हून जास्त भिंती अभ्यासकांनी नकाशावर उतरवल्या आहेत. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि धुळ्याच्या आसपास पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बारीक रेषा शोधा. कितीतरी सापडतील.

कोडं दुसरं : चुलीवाचून तापलेलं पाणी

आता उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. चोपडा तालुक्यात अडावद गावाजवळ उनपदेव नावाचं ठिकाण आहे. तिथे दगडी गोमुखातून गरम पाण्याची धार पडते. लाकूड नाही, गॅस नाही, गिझर नाही. पाणी तापवतं कोण?

जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढत जातं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचं पाणी डोंगराच्या भेगांतून झिरपत खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून झपाट्याने वर येतं. वाटेत निवायला त्याला वेळच मिळत नाही. सातपुडा आणि तापीचं खोरं यांच्या मधल्या पट्ट्यात जमिनीला खोलवर मोठे भंग आहेत. पाण्याला वर यायला ही वाट आयती मिळते.

कोडं तिसरं : हलवला एक, हलला दुसरा

एरंडोल तालुक्यात उतावळी नदीच्या काठी फरकांडे हे गाव आहे. तिथे दोन जुने मनोरे होते, 'झुलते मनोरे' म्हणून प्रसिद्ध. वर चढून एक हलवला की दुसरा आपोआप डोलायचा! आता जोडीतला एकच उरला आहे. म्हणून नियम साधा : पाहायचं, हलवायचं नाही.

जादू नव्हे, भौतिकशास्त्र. प्रत्येक वस्तूची डोलण्याची स्वतःची एक लय असते. दोन मनोरे सारखे असले की त्यांची लयही सारखी. एकाची थरथर पायातून दुसऱ्याकडे पोहोचते, लय जुळते आणि तोही डोलू लागतो. याला अनुनाद म्हणतात.

घरी करून पाहा. दोन खुर्च्यांच्या पाठींना एक दोरी आडवी, जराशी सैल बांधा. तिला सारख्याच लांबीचे दोन दोरे लटकवा आणि टोकांना सारख्याच वजनाचे दोन लोखंडी नट बांधा. एकाला झोका द्या, दुसऱ्याला हात लावू नका. थोड्या वेळाने दुसरा झुलू लागेल आणि पहिला थांबत येईल! आता एक दोरा निम्मा करा. पाहा बरं, काय होतं ते.

कोडं चौथं : खानदेशात शहामृग?

चाळीसगावपासून जवळच, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ आहे. पावसाळ्यात इथे धबधबे, हिरवे कडे, माकडं असं सगळं असतं. पण खरा खजिना मातीत होता. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथल्या पाटणे गावी उत्खनन केलं. अश्मयुगाच्या थरांत त्यांना मणी मिळाले. कशाचे? शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे! कवचाच्या एका तुकड्यावर तर कुणीतरी रेघांची जाळी कोरली होती. काळ साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा.

तेव्हा हिमयुग चालू होतं, हवा कोरडी होती, मोकळी गवताळ रानं होती. शहामृगाला धावायला आणखी काय हवं? भारतात सापडलेल्या अशाच जुन्या कवचांतला डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासला आणि २०१७ मध्ये जाहीर केलं की हे पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचेच नातलग होते. पाटण्यात तेव्हा धातूची सुई नव्हती, तरी माणसाने दगडी टोकाने कवचाला भोक पाडलं, कडा घासून गोल केल्या आणि माळ ओवली. नटायची हौस किती जुनी आहे पाहा!

याच पाटण्यात दगडावर कोरलेला एक शिलालेख मिळाला. तो भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. 'लीलावती' लिहिणारे थोर गणिती भास्कराचार्य तुम्हाला ठाऊक असतील. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि १२०७ च्या सुमारास त्याला देणग्या मिळाल्या, असं त्यात लिहिलं आहे. शेवटचा भाग तर त्या काळच्या मराठीत आहे. गावातल्या तेलाच्या घाण्यांनी मठाला थोडं थोडं तेल द्यायचं, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे गणिताच्या शाळेला तेल्यांचाही हातभार होता.

कोडं पाचवं : मोटर नाही, तरी पाणी शेतात

नदी खाली आणि शेत वर. पंप नसताना पाणी वर चढवायचं कसं? धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठच्या शेतकऱ्यांनी हे कोडं तीन-चारशे वर्षांपूर्वीच सोडवलं. पाणी चढवायचंच नाही! नदीच्या वरच्या अंगाला, जिथे तिचं पात्र शेतापेक्षा उंच आहे, तिथे दगडी बंधारा घालायचा. तिथून पाट काढायचा आणि नदीपेक्षा कमी उतार देत तो शेतापर्यंत आणायचा. बाकीचं काम उतार करतो.

ही फड पद्धत. सगळं शिवार काही फडांत वाटतात आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. त्यामुळे पाणी मोजून देता येतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाट साफ करायचं काम मात्र सगळ्यांचं. काही बंधाऱ्यांवरून आजही पाणी वाहतं.

पाच झाली. सहावं तुमच्यासाठी. नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे जाते, कृष्णाही पूर्वेकडे जाते. मग आपली तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघून पश्चिमेकडे का पळते? नकाशा घ्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्ये लांबट खोलगट खोरं. दुसऱ्या कोड्यात जमिनीच्या मोठ्या भंगांबद्दल वाचलंत ना? तिथून विचार सुरू करा आणि तुमचं उत्तर आम्हाला लिहून पाठवा.