‘मी मठ्ठ आहे’ हे तुला कोणी सांगितलं?

ज्यांचे इअरफोन हरवलेत किंवा जे लेक्चरला मागच्या बाकावर बसून हे वाचतायत, त्यांच्यासाठी या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे फारच भरकटले होते तिथे कापलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

तर, मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मामेभावाचा फोन आला. गाव कराडजवळ, पण तो पुण्यात हॉस्टेलला असतो. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष. (त्याला विचारूनच सांगतेय हे सगळं.)

“ताई, एम-थ्री परत गेला.”

मी म्हटलं, “बरं. किती मार्कांनी?”

“ते सोड गं. मीच मठ्ठ हाय. आपल्याला हे जमणारच न्हाई. उगाच पप्पांचे पैसे घालवतोय.”

घरी त्याने पहिल्या वेळेचंही सांगितलं नव्हतं. मी नेहमीचं सुरू केलं. अरे असं नसतं, तू हुशार आहेस, पॉझिटिव्ह राहा. त्यावर तो फक्त “हं” म्हणाला. हे “हं” तुम्हालाही माहिती असेल. समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत असतो तेव्हाचं “हं”.

फोन ठेवला आणि मला झोप लागेना. कारण त्याचं ते वाक्य माझंच होतं. आपल्याला हे जमणारच नाही. मी बीटेक झाले, सहा वर्षं नोकरी करतेय, तरी हे वाक्य माझ्या डोक्यात अजून भाड्याने राहतं, आणि भाडंही मीच भरते.

एक किस्सा सांगते. दोन वर्षांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी (हो, शुक्रवारी, मला माहितीये, हसू नका) मी एक बदल प्रॉडक्शनला टाकला. कॉन्फिगरेशनमध्ये एक व्हॅल्यू टेस्टिंगची राहून गेली आणि पेमेंटचं पान चाळीस मिनिटं बंद पडलं. कॉलवर पंधरा माणसं. कोणी मला एक शब्दही वाईट बोललं नाही. सगळं सुरळीत झाल्यावर मी वॉशरूममध्ये गेले आणि स्वतःला जे काही ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. लायकी, गाव, मराठी मीडियम, सगळं काढलं.

काही महिन्यांनी आमच्या टीममधल्या एका फ्रेशरकडून जवळपास तसंच झालं. पोरगा पांढराफटक पडला होता. मी त्याला म्हटलं, “अरे, होतं असं. आधी रोलबॅक कर, मग शांतपणे बघू कुठे चुकलं.” अगदी सहज निघालं तोंडातून. त्या दिवशी घरी येताना ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या लक्षात आलं, की चूक तीच होती. त्याला एक न्याय आणि मला एक.

आपण दिवसभर स्वतःशी जे बोलतो त्याला मानसशास्त्रात स्वसंवाद म्हणतात. नाटकवाल्यांकडे त्याच्यासाठी जुना शब्द आहे, स्वगत. फरक एवढाच, की नाटकातलं स्वगत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं आणि आपलं आपल्यालाही धड ऐकू येत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला अ‍ॅरन बेक नावाचे मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याचे पेशंट बघत होते. त्यांच्या लक्षात आलं, की पेशंट मोठ्याने जे सांगतोय त्याच्या खाली विचारांचा दुसरा एक प्रवाह चालू असतो. झटपट, तुटक, स्वतःवर टीका करणारा. पेशंट तो सांगत नाही, कारण तो विचार आहे हेच त्याला कळत नाही. त्याला ते सत्य वाटतं. बेकनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं, आणि आजची कॉग्निटिव्ह थेरपी बरीचशी याच निरीक्षणावर उभी आहे.

मी इंजिनीअर आहे. दिसत नसेल तर लॉग काढायचे, एवढंच मला कळतं. म्हणून आठवडाभर फोनच्या नोट्समध्ये स्वतःला बोललेलं प्रत्येक वाईट वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. वाचून लाज वाटली. “नेहमी” आणि “कधीच” हे दोन शब्द जवळपास प्रत्येक ओळीत. चूक दहा मिनिटांची आणि निकाल जन्मभराचा. तुम्हीही करून बघा, पण लिहिताना सुधारून लिहू नका. डोक्यात शिवी आली असेल तर शिवीच लिहा.

आता रील्सवर यावर उपाय काय सांगतात? आरशासमोर उभं राहा आणि म्हणा, मी बेस्ट आहे, मी जिंकणारच. मी हे मनापासून केलंय, पंधरा दिवस, सकाळी ब्रश करताना. झालं असं, की मी म्हणायचे “मी उत्तम इंजिनीअर आहे” आणि आतून लगेच उत्तर यायचं, “आणि तो शुक्रवार?”

नंतर कळलं, की यावर अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणायला सांगितलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, त्यांना वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्याला औषधाची गरज त्यालाच ते बाधतं. कारण फार गूढ नाही. आपल्याला न पटणारं वाक्य म्हटलं, की मन लगेच विरोधी पुरावे गोळा करायला लागतं. माझ्या भावाला मी “तू हुशार आहेस” म्हटलं तेव्हा त्याच्या डोक्यात दोन मार्कशीट उघडल्या असणार.

मग काय बोलायचं? माझ्यापुरतं उत्तर त्या फ्रेशरला बोललेल्या वाक्यात सापडलं. मी त्याला तू ग्रेट आहेस असं म्हटलं नव्हतं. तुझी चूक नाही असंही नाही. “होतं असं” म्हणजे हे फक्त तुझ्याच बाबतीत घडत नाही. “रोलबॅक कर” म्हणजे आत्ता करण्यासारखं एक काम आहे. “बघू” म्हणजे मी सोबत आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून त्याला पटल्या.

टेक्सस विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ गेली वीसेक वर्षं यावर काम करतायत. त्याला स्वतःबद्दलची करुणा म्हणू. त्यांच्या मते यात तीन गोष्टी येतात: स्वतःशी मायेने वागणं, चुका सगळ्याच माणसांकडून होतात याचं भान, आणि जे वाटतंय ते न दाबता, न फुगवता बघणं.

इथे आमचे एक सर म्हणायचे ते आठवतं, “लाड केले की पोरं बिघडतात.” स्वतःशी मऊ बोललो तर आळशी होऊ, ही भीती मलाही होती. खरं सांगायचं तर मला वाटायचं, मी आज जिथे आहे ती स्वतःला शिव्या घालूनच. पण बर्कलीच्या ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली, बहुतेकांची वाट लागली. मग काहींना सांगितलं, की ही परीक्षा अवघड जाणं अगदी साहजिक आहे, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना सांगितलं, तुम्ही हुशारच आहात, नाहीतर इथे आलाच नसता. त्यानंतर दुसऱ्या परीक्षेआधी हवा तेवढा वेळ अभ्यास करायची मुभा दिली. जास्त वेळ अभ्यास कोणी केला? पहिल्या गटाने. मला हा निकाल फार आवडतो. चूक बघितली तरी आपल्याला कोणी खाऊन टाकणार नाही हे कळलं, की माणूस चुकीकडे बघू शकतो. नाहीतर आपण पेपर मिळाल्या मिळाल्या घडी करून बॅगेत कोंबतो.

आमच्या क्षेत्रात याची एक तयार पद्धत आहे, फक्त आम्ही ती सर्व्हरसाठी वापरतो आणि स्वतःसाठी वापरत नाही. काही बंद पडलं की नंतर पोस्टमॉर्टेम लिहायचं, आणि ते दोष न देणारं असावं असा आग्रह असतो. एट्सी कंपनीतल्या जॉन ऑल्सपॉ यांनी २०१२ मध्ये यावर लिहिलं आणि गूगलच्या इंजिनीअर्सनी २०१६च्या त्यांच्या पुस्तकात या पद्धतीवर एक प्रकरणच दिलंय. कोण मूर्ख हा प्रश्नच विचारायचा नाही. काय झालं, कधी झालं, त्या वेळी त्या माणसाला काय माहिती होतं, पुढे काय बदलायचं. हे चांगुलपणा म्हणून करत नाहीत. लोक घाबरले की माहिती लपवतात आणि मग बग सापडत नाही, म्हणून करतात. माझ्या भावाने मार्कशीट घरी लपवली, ते याहून काही वेगळं नाही.

तेव्हा दोन दिवसांनी मी त्याला परत फोन केला. या वेळी कौतुक नाही. म्हटलं, “लॅपटॉप उघड, पोस्टमॉर्टेम लिहू.” निघालं असं: लाप्लास बरा येतो. व्हेक्टर कॅल्क्युलस दोन्ही वेळेला ऑप्शनला टाकलेला. दोन्ही वेळेला अभ्यास शेवटच्या आठ दिवसांत. आणि वर्गात शंका एकदाही विचारलेली नाही, कारण “सगळे हसतील”. मी विचारलं, “यात मठ्ठ कुठे लिहू?” बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कॉलमच न्हाई गं त्याला.”

शंका विचारायच्या भीतीवर त्याला एक ट्रिक सांगितली, तुम्हालाही सांगते. मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की लोकांसमोर भाषण करायच्या आधी जे स्वतःशी ‘मी’ म्हणून न बोलता स्वतःच्या नावाने किंवा ‘तू’ म्हणून बोलले, त्यांचं भाषण परीक्षकांना जास्त चांगलं वाटलं आणि नंतर ते स्वतःला कमी टोचत बसले. थोडं अंतर पडतं, आपण आपलेच मित्र होऊन सल्ला देतो. आपल्याकडे हे नवीन नाही म्हणा. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि मनाला समोर बसवून समजूत घालावी तसे ते बोलतात. पण एक गोम आहे. वॉशरूममध्ये मीही स्वतःला ‘तू’च म्हणत होते! नुसत्या सर्वनामाने काही होत नाही. माझा उपाय घरच्या नावाचा. घरी मला सोनू म्हणतात, आणि सोनू म्हणून कोणी कधी लायकी काढलेली नाही. डेमोच्या आधी मी मनात म्हणते, “सोनू, पहिली दोन वाक्यं पाठ आहेत ना? मग चल.”

आणि चल म्हणजे खरंच चल. नुसतं गोड बोलून आत्मविश्वास येत नाही, हे मला अल्बर्ट एलिसकडून कळलं. १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू करणारा हाच माणूस. अंजली जोशी यांनी त्याच्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ हे मराठी पुस्तक लिहिलंय, आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी ही विचारपद्धती मराठीतून पोचवतायत. तर हा एलिस १९ वर्षांचा असताना भयंकर लाजाळू होता. त्याने ठरवलं, न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचं. त्याच्याच सांगण्यानुसार १३० जणींपैकी ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, डेटला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण एवढं होऊनही आभाळ कोसळलं नाही, आणि त्याची भीती गेली. (मुलांनो, आज हे असंच्या असं करू नका. कोणी बाकावर शांत बसलंय तर बसू द्या.) आपल्यासाठी त्याचं छोटं रूप पुरे. मी स्टँडअपमध्ये रोज एक प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. पहिले आठ-दहा दिवस आवाज थरथरायचा. भावाने आठवड्याला एक शंका ठरवलीय.

जाता जाता एक महत्त्वाचं. डोक्यातला आवाज फक्त टोमणे मारत नसून मरणाबद्दल बोलत असेल, किंवा आठवडेच्या आठवडे झोप-भूक उडाली असेल, तर नोट्स आणि ट्रिक्स बाजूला ठेवा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. घरातल्या किंवा हॉस्टेलमधल्या एका माणसालाही सांगा, लगेच.

भावाचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. निघेल की नाही, मला माहिती नाही. व्हेक्टर कॅल्क्युलसचे दोन धडे झालेत, तिसरा त्याला अजिबात कळत नाहीये आणि मलाही आता आठवत नाही. पण मागच्या रविवारी त्याने घरी फोन करून मामीला सगळं सांगितलं. आधी मला तीनदा विचारलं, काय बोलू, कसं बोलू. मग बाल्कनीत गेला आणि चार मिनिटांत परत माझ्या फोनवर.

“काय म्हणाली मामी?”

“म्हणाली, मग परत दे की. आणि जेवलास का न्हाई?”

“मग?”

“मग काय, न्हवतो जेवलो. चाललोय मेसला.”