समजून घ्या: बीपी मोजताना हात कुठे होता? एवढ्यानेही बदलू शकतं रक्तदाबाचं निदान

दवाखान्यात पाऊण तास रांगेत थांबून नंबर लागतो. जिना चढून आलेला पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा गुंडाळला जातो. हात मांडीवर, एका पायावर दुसरा पाय आणि "गोळ्या संपल्या का, झोप लागते का?" ही विचारपूस सुरूच. यंत्रावर वरचा आकडा उमटतो १४४. 'बीपी वाढलाय, गोळी सुरू करू या.'

हे दृश्य ओळखीचं आहे. पण या १४४ मधले किती पॉइंट खरे आणि किती बसण्याच्या पद्धतीमुळे वाढलेले, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत झालेल्या अभ्यासांनी नेमकं हेच मोजलं आहे. त्यांची उत्तरं पेशंटच्या रोजच्या कामाची आहेत.

आकड्याला एवढं महत्त्व का?

उच्च रक्तदाबाची बहुतेकांना कुठलीच लक्षणं जाणवत नाहीत. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काम अडत नाही. त्यामुळे या आजाराचं निदान, औषधाचा डोस ठरवणं आणि औषध लागू पडतंय की नाही हे पाहणं, सगळं त्या दोन आकड्यांवर चालतं.

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं, तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैलावतं, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. दोन्ही मिलिमीटर पारा या एककात मोजतात. आपण बोलताना त्याला नुसतं 'पॉइंट' म्हणतो.

भारतात साधारणपणे दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर उच्च रक्तदाब मानला जातो. अमेरिकेत २०१७ पासून ही रेषा १३०/८० वर आणली आहे. रेषा कुठलीही धरली तरी तिच्या अगदी जवळ असलेल्या माणसासाठी चार-पाच पॉइंटचा फरक म्हणजे 'आजार आहे' आणि 'आजार नाही' यांतला फरक ठरू शकतो.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भारतातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे मोजण्यातली छोटी चूकही फार मोठ्या संख्येने लोकांपर्यंत पोहोचते.

हाताच्या जागेमुळे किती फरक पडतो?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १३३ प्रौढांचा रक्तदाब हाताच्या तीन स्थितींत मोजला. हात टेबलावर हृदयाच्या उंचीला टेकवलेला, हात मांडीवर आणि हात बाजूला लोंबकळता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टेबलावरचं मोजमाप प्रमाण धरलं होतं.

त्याच्या तुलनेत हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी ३.९ पॉइंटने आणि लोंबकळत असताना ६.५ पॉइंटने जास्त आला. खालचा आकडाही दोन्ही वेळा चारच्या आसपास वाढला.

यामागचं कारण साधं आहे. पाण्याच्या टाकीपेक्षा नळ जितका खाली, तितका पाण्याला जोर जास्त. दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा खाली गेला, की वरच्या रक्ताच्या स्तंभाचा दाबही त्यात मोजला जातो. दर १० सेंटिमीटरला हा फरक साधारण ७ ते ८ पॉइंटचा पडतो. शिवाय हाताला आधार नसेल तर स्नायू ताठ राहतात, त्यानेही आकडा चढतो.

पट्टा लहान-मोठा असला तर?

हात कुठे होता यापेक्षाही मोठी चूक पट्ट्याच्या मापात होते. अनेक दवाखान्यांत सगळ्यांना एकच पट्टा लावतात. त्याचा परिणाम तपासणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९५ प्रौढ सहभागी होते.

ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा हवा होता, त्यांना नेहमीचा मध्यम पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ पॉइंटने फुगला. ज्यांना मोठा पट्टा हवा होता, त्यांचा ४.८ ने वाढला. बारीक दंडाच्या लोकांमध्ये मात्र उलटं झालं. त्यांना लहान पट्ट्याऐवजी मध्यम लावला, तर आकडा ३.६ पॉइंटने कमी आला.

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. जाड दंडाच्या माणसाला नसलेला आजार चिकटू शकतो आणि हडकुळ्या आजीचा वाढलेला बीपी 'नॉर्मल' म्हणून सुटू शकतो.

दवाखान्यातला बीपी खरा की घरातला?

डॉक्टरांसमोर बसलं की काहींचा बीपी चढतो आणि घरी आल्यावर उतरतो. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरून याला 'व्हाइट कोट' रक्तदाब म्हणतात. याउलट काहींचा बीपी दवाखान्यात नेमका ठीक भरतो, पण घरी आणि कामावर वाढलेला असतो. हा 'छुपा' रक्तदाब.

यातला धोकादायक कोणता? स्पेनमधल्या ५९,१२४ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. या रुग्णांचा बीपी दवाखान्यात मोजला होता आणि दंडाला २४ तास बांधलेल्या यंत्रानेही. पुढे सरासरी दहा वर्षांच्या आसपास त्यांचा मागोवा घेतला गेला.

त्यातून दिसलं, की मृत्यूच्या धोक्याचा अंदाज दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा २४ तासांच्या नोंदींवरून, विशेषतः रात्री झोपेतल्या रक्तदाबावरून, जास्त चांगला येतो. ज्यांचा रक्तदाब फक्त दवाखान्यात वाढत होता, त्यांना मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. छुपा रक्तदाब असलेल्यांना मात्र तो होता.

म्हणून आता मार्गदर्शक सूचनांमध्ये घरी किंवा २४ तासांच्या यंत्राने बीपी तपासून निदान पक्कं करण्यावर भर दिला जातो. घरच्या मोजमापाची रेषा थोडी खाली असते. दवाखान्यातल्या १४०/९० च्या जागी घरी १३५/८५ धरतात.

बीपी किती खाली आणायचा?

इथेही मोजण्याची पद्धत निर्णायक ठरते. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' या चाचणीत ९,३६१ जणांचे दोन गट केले होते. एका गटाचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा होता, दुसऱ्याचा १२० च्या खाली. २०१५ मध्ये निकाल आले. १२० चं लक्ष्य असलेल्या गटात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना २५ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू २७ टक्क्यांनी कमी होते.

या चाचणीत मधुमेही नव्हते. तो प्रश्न चीनमधल्या 'बीप्रोड' चाचणीने हाती घेतला. टाइप-२ मधुमेहाच्या १२,८२१ रुग्णांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यातही १२० च्या लक्ष्याने हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २१ टक्क्यांनी घटल्या.

याची दुसरी बाजूही आहे. दोन्ही चाचण्यांत कडक लक्ष्य असलेल्या गटात बीपी नको इतका उतरण्याचा त्रास जास्त होता. स्प्रिंटमध्ये मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. त्यामुळे १२० हे प्रत्येकासाठी सरसकट लक्ष्य नाही. वय, मूत्रपिंडाची स्थिती आणि चक्कर येऊन पडण्याची शक्यता पाहून ते डॉक्टर ठरवतात.

आणि सहज नजरेतून सुटणारी एक गोष्ट. स्प्रिंटमध्ये सहभागींना पाच मिनिटं शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने बीपी मोजत होते. जिना चढून आलेल्या माणसाचा गप्पा मारत घेतलेला बीपी १२० वर आणायचा म्हटलं, तर गरजेपेक्षा जास्त औषध पोटात जाण्याचा धोका आहे.

गोळी सकाळी की रात्री?

'बीपीची गोळी रात्रीच घ्यावी' असा मेसेज अनेकांना कधी ना कधी आला असेल. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या 'टाइम' चाचणीत हेच तपासलं गेलं. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू यांचं प्रमाण रात्री गोळी घेणाऱ्यांत ३.४ टक्के आणि सकाळी घेणाऱ्यांत ३.७ टक्के होतं. हा फरक निर्णायक नव्हता.

थोडक्यात, जी वेळ रोज न चुकता पाळता येते, ती चांगली. मात्र लघवी वाढवणाऱ्या गोळीसारख्या काही औषधांची वेळ डॉक्टर ठरवून देतात. ती परस्पर बदलू नये.

कोणतं औषध हाही प्रश्न असतोच. 'टॉपस्पिन' या भारतीय चाचणीत ३२ रुग्णालयांतल्या १,९८१ रुग्णांना दोन औषधं एकाच गोळीत दिली. अशा तीन जोड्यांची तुलना झाली आणि तिन्ही जवळपास सारख्याच परिणामकारक ठरल्या. सहा महिन्यांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचा बीपी १४०/९० च्या खाली होता.

महाराष्ट्रात काय चाललं आहे?

मोठ्या रुग्णालयाबाहेर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर बीपी आटोक्यात ठेवण्यासाठी 'भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. इथल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांमध्ये भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते.

त्याची रीत साधी आहे. औषधांची पायरी-पायरीने ठरवलेली एकच पद्धत, गोळ्यांचा नियमित साठा, एका वेळी महिनाभराचं औषध, घराजवळ तपासणी आणि प्रत्येक रुग्णाच्या बीपीची डिजिटल नोंद. कोण तपासणीला आलं नाही, हेही त्यातून कळतं. अर्थात ही सगळी साखळी केंद्रावर घेतलेल्या त्या आकड्यापासूनच सुरू होते.

घरी बीपी नीट कसा मोजायचा?

- मनगटाऐवजी दंडावर बांधायचं, प्रमाणित स्वयंचलित यंत्र घ्या. दंडाचा घेर मध्यावर टेपने मोजा. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये छापलेल्या मर्यादेत तो बसला पाहिजे.
- मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन या.
- पाठीला टेका देऊन पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर सपाट, एकमेकांवर टाकलेले नकोत.
- बाही वर सारून दंड मोकळा करा. हात टेबलावर टेकवा. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. पट्टा हृदयाच्या उंचीला हवा.
- मोजताना बोलू नका, मोबाइल पाहू नका.
- पहिल्यांदा दोन्ही हातांचा बीपी मोजा. ज्या हाताचा जास्त येतो, त्याच हाताचा पुढे मोजत राहा.
- सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

मग चालू गोळ्या बंद करायच्या का?

नाही. 'माझा बीपी चुकीचा मोजला असेल' असं म्हणून परस्पर गोळी सोडणं ही मोजण्यातल्या चुकीपेक्षा महागात पडणारी चूक आहे. गोळी चालू असताना बीपी नॉर्मल येतो, तो बहुतेकदा गोळीमुळेच. शंका असेल तर सात दिवसांच्या नोंदींचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. डोस कमी करायचा, वाढवायचा की तोच ठेवायचा, हे त्यावरून ठरवणं त्यांनाही सोपं जातं.

बीपी १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना अडखळणं किंवा दिसेनासं होणं यांपैकी काहीही असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नये. थेट रुग्णालय गाठावं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

एरवी दवाखान्यात पट्टा बांधला जात असेल तेव्हा दोन वाक्यं बोलायला हरकत नाही. 'पाच मिनिटं बसू का?' आणि 'हात टेबलावर ठेवू का?' डॉक्टरांना किंवा सिस्टरना त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. त्या आकड्यावरून रोजची गोळी ठरणार असेल, तर तेवढी पाच मिनिटं देणं दोघांच्याही फायद्याचं आहे.