उत्तर कोणाचे: यंत्राचे की प्रोग्रामचे?

तीन अब्ज ही दशांश प्रकारातली संख्या सी भाषेत ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात बदलली, तर एक्स८६ प्रोसेसरवर सहसा उणे २१४७४८३६४८ मिळते आणि ६४ बिटांच्या आर्मवर अधिक २१४७४८३६४७. ‘ही संख्याच नाही’ असे सांगणारे नॅन हे मूल्य दिले, तर एक्स८६ पुन्हा तीच उणे संख्या देतो, आर्म शून्य देतो आणि रिस्क-व्ही कमाल संख्या देतो. यात कोणताही प्रोसेसर चुकत नाही, कारण सीच्या मानकाने उत्तर ठरवलेलेच नाही. म्हणूनच एका यंत्रावर मिळालेले उत्तर ‘अपेक्षित’ म्हणून लिहून ठेवणारी चाचणी प्रोग्रामऐवजी ते यंत्रच तपासत असते.

खरी चाचणी सीमेवर लागते. ३२ बिटांच्या दशांश प्रकारात अचूकता २४ बिटांचीच असल्याने २१४७४८३६४७ त्यात मावत नाही. ती २१४७४८३६४८ होते. त्यामुळे ‘कमाल मर्यादेहून मोठी नाही ना’ ही सरळ दिसणारी अट नेमकी पहिली बेकायदा संख्या आत सोडते. तिच्या अलीकडची २१४७४८३५२०, दोन्ही अनंते, नॅन आणि चिन्हविरहित प्रकारासाठी उणे एक, एवढी मूल्ये तरी तपासायलाच हवीत. शिवाय संख्या आधीच ठाऊक असेल तर कंपायलर रूपांतर स्वतःच उरकतो आणि प्रोसेसरची पाळी येतच नाही. म्हणून मूल्ये प्रोग्राम चालू असताना द्यावीत.

अशा संख्या प्रत्यक्षात येतातच कुठे, असे विचारले जाते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेटात ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही आणि उड्डाणानंतर मिनिटभरातच रॉकेट नष्ट झाले. तिथे प्रश्न प्रोसेसरांच्या फरकाचा नव्हता. एरियन ४ साठी पुरेशी असलेली मर्यादा नव्या रॉकेटाच्या वेगाला अपुरी पडली. ‘येणार नाही’ हे गृहीतक परिस्थितीसोबत बदलते, हाच त्याचा धडा. दुसरा आक्षेप वेगाचा: प्रत्येक रूपांतराआधी तपासणी महाग पडते. असंख्य वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये तो खरा आहे. पण तिथेही मर्यादा लूपबाहेर एकदाच सिद्ध करता येते. जावाने मर्यादेबाहेरच्या संख्येचे उत्तर भाषेतच ठरवले, रस्टने २०२० मध्ये तीच वाट धरली. भाषा ठरवत नसेल, तर ते प्रोग्रामरने ठरवावे आणि चाचणीने प्रत्येक प्रोसेसरवर तोच निर्णय पडताळावा.