मेंदूचे पहारेकरी आणि ढोबळी मिरची

भाजीतले ढोबळ्या मिरचीचे तुकडे वेचून ताटाच्या कडेला कोण कोण लावतं? हात वर करा! आता त्यातलाच एक तुकडा उचला आणि नीट बघा. त्यात ल्युटिओलिन नावाचं एक द्रव्य असतं. सेलरीत असतं, गाजरातही असतं. हे द्रव्य फ्लेव्होनॉइड नावाच्या एका भल्यामोठ्या कुटुंबातलं. या कुटुंबात हजारो भावंडं आहेत. जांभळाला आणि वांग्याच्या सालीला जांभळा रंग देणारी द्रव्यं यातलीच. कांद्यातलं क्वेरसेटिनही यातलंच, आणि ते कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त असतं.

झाडं ही द्रव्यं आपल्यासाठी बनवत नाहीत बरं का! ऊन लागलं म्हणून झाडाला उठून सावलीत जाता येत नाही. मग ते पेशींमध्ये फ्लेव्होनॉइड तयार करतं आणि ती सूर्याचे घातक अतिनील किरण शोषून घेतात.

पण झाडाच्या या द्रव्याचा आपल्या मेंदूशी काय संबंध?

त्यासाठी आधी मेंदूच्या आत डोकावायला हवं. तिथे विचार करणाऱ्या, आठवण ठेवणाऱ्या सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात. त्यांच्या आजूबाजूला मायक्रोग्लिया नावाच्या छोट्या पेशी असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा या शास्त्रज्ञाने 1919 साली त्यांची ओळख पटवली. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूचे पहारेकरी. आपल्या बारीक फांद्या हलवत त्या सतत आसपास चाचपत असतात. जंतू दिसला, की त्याच्यावर तुटून पडतात आणि तिखट रसायनं सोडतात. याला दाह म्हणतात. जंतूला हाकलायला दाह हवाच. पण म्हातारपणी हे पहारेकरी उगाच चिडू लागतात, लवकर शांत होत नाहीत आणि त्यांच्या रसायनांनी शेजारच्या निरोगी चेतापेशीच मरू लागतात.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉडनी जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. 2010 साली ते प्रसिद्ध झाले. त्यांनी काचेच्या बशीत मायक्रोग्लिया वाढवल्या आणि त्यांना जीवाणूच्या आवरणातलं एक द्रव्य दिलं. झालं, पहारेकरी खवळले! त्यांनी जी रसायनं सोडली, त्यांत चेतापेशी ठेवल्या, तर त्या मेल्या. मग मायक्रोग्लियांना आधी ल्युटिओलिन दिलं आणि नंतर डिवचलं. या वेळी चेतापेशी वाचल्या!

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. शास्त्रज्ञांनी ल्युटिओलिन थेट चेतापेशींनाच देऊन मग त्यांना त्याच रसायनांत ठेवून पाहिलं. वाटेल की त्या अधिकच वाचतील. पण नाही, त्या मेल्याच! म्हणजे ल्युटिओलिन चेतापेशींना चिलखत घालत नव्हतं, ते पहारेकऱ्यांचा राग आवरत होतं. हा एक जास्तीचा प्रयोग केला नसता, तर सगळ्यांचा चुकीचाच समज झाला असता.

पुढे दोन वर्षांच्या, म्हणजे चांगल्या म्हाताऱ्या उंदरांना चार आठवडे ल्युटिओलिन मिसळलेलं खाणं दिलं. साधं खाणं खाणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांपेक्षा त्यांची स्मरणशक्ती चांगली निघाली आणि त्यांच्या मेंदूतला दाहही कमी झाला होता.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि त्यांच्या खाण्यात हे द्रव्य मुद्दाम मिसळलेलं होतं. मग माणसांचं काय? 2021 साली अमेरिकेतल्या 77,000हून जास्त लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. वीस वर्षं त्यांच्या खाण्याची नोंद ठेवली होती. जे फ्लेव्होनॉइड सर्वांत जास्त खात होते, त्यांच्यात ‘हल्ली विसरायला होतं’ अशा तक्रारी कमी होत्या. अर्थात, भरपूर भाज्या-फळं खाणारी माणसं अनेकदा व्यायामही जास्त करतात. शास्त्रज्ञांनी अशा गोष्टी हिशेबात धरल्या, तरी ‘हे भाज्यांमुळेच झालं’ असं एवढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून माणसांवरचे प्रयोग अजून चालूच आहेत.